एकतिसाव्या मजल्यावरचा रांजण

मित्रांनो, मला जुना म्हणा, काळा म्हणा, मला राग येत नाही. ढेरपोट्या म्हटलेलं मात्र खपत नाही. पोटात साठवणं हेच माझं काम, मग पोट नको का? मी तांदळाचा रांजण आहे. गुडघाभर उंच, गळ्याशी आवळलेला, डोक्यावर लाकडी झाकण. माझा जन्म विगान गावचा. तिथे माती रेड्याच्या पायांखाली तुडवून मळतात. माझी माती तुडवणारा रेडा म्हणे पक्का आळशी होता, त्यामुळे माझी डावी बाजू जरा बसकीच राहिली. पण भट्टीतून बाहेर काढल्यावर कुंभाराने टिचकी मारली तेव्हा मी असा खणखणीत वाजलो, की तो म्हणाला, "हा मालकाला पुरून उरेल!" माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी.

त्या कुंभाराची भाची पुरिंग. लग्न करून ती नवऱ्यामागे मनिलाला निघाली, तेव्हा मामाने मला आहेरात दिलं. बसच्या टपावर बांधून, ताडपत्रीत गुंडाळून मी राजधानीला पोचलो. आमच्याकडची रीत अशी, की नव्या घरात माणसाच्या सामानाआधी तांदूळ आणि मीठ जातं. त्यामुळे पुरिंगने घर बदललं की उंबऱ्याच्या आत पहिला मी. रिकामी घरं मी जितकी पाहिली तितकी तुम्ही कोणी पाहिली नसतील. भिंतीवर खिळ्यांची भोकं दिसायची. कुठे दाराच्या चौकटीवर पोरांची उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या रेघा असायच्या. इथे कोण राहत होतं? ते का गेले, आणि कुठे गेले? या प्रश्नांनीच मी चौकस झालो. रांजणाला दुसरं काम तरी काय असतं?

पहिली खोली न्हाव्याच्या दुकानावर होती, मग दहा वर्षं अशाच खोल्या बदलल्या. शेवटी आम्ही शहरातल्या मकाती भागातल्या एका बैठ्या चाळवजा इमारतीत गेलो, आणि तिथे एकोणीस वर्षं काढली. पुरिंगचा नवरा तिथेच वारला. मुलगी रोवेना तिथेच मोठी झाली. पुरिंग स्वभावाने अशी, की देवाने समोर येऊन ताट वाढलं तरी म्हणेल, मीठ कमी आहे. भाजीवाल्याची वांगी, शेजारणीचा पडदा, पाद्रीबाबांचं प्रवचन, तिच्या जिभेच्या तडाख्यातून काही सुटत नसे. रोवेनाची तर रोज सकाळी हजेरी घेतली जाई. "असे केस घेऊन ऑफिसात जातेस? साहेबाला वाटेल आग लागली म्हणून पळून आलीस." रोवेना चिडायची, दार आपटायची, आणि संध्याकाळी आईसाठी गरम पाव घेऊन यायची.

आमच्या खिडकीसमोर चार वर्षं एक टॉवर वाढत होता. मी त्याचे मजले मोजायचो. चाळिसावर थांबला. काच लागली, रंग लागला, खाली कारंजं आलं. मग मी दिव्यांची वाट पाहू लागलो. मित्रांनो, एवढ्या शेकडो खिडक्या, आणि संध्याकाळी दिवे लागायचे फक्त मूठभर! मला हे कोडं काही सुटेना. पुरिंगलाही सुटलं नव्हतं. एकदा फ्लॅट दाखवणाऱ्या एजंटाला तिने रस्त्यातच गाठलं. एजंट म्हणाला, लोक घेऊन ठेवतात, भाव वाढले की विकतात.

घरी येऊन ती रोवेनाला म्हणाली, "ऐकलंस? म्हणजे रांजण भरून ठेवायचा आणि भात शिजवायचाच नाही. शहाणेच आहेत!"

मग आमच्याच चाळीवर पाळी आली. मालकाच्या मुलांनी जागा बिल्डरला विकली. तीन महिन्यांची मुदत मिळाली. रोवेना रोज संध्याकाळी भाड्याच्या जागा बघायला जायची आणि चेहरा पाडून यायची. आमच्या दोन खोल्यांचं जे भाडं होतं, त्यात आता कुठे एक पलंगही मिळेना. रोवेनाचं ऑफिस मात्र दहा मिनिटांवर, टॉवरच्या मागेच. शेवटी मायलेकी समोरचा सॅम्पल फ्लॅट बघून आल्या. त्याची नक्कल पुरिंगने मला टेकून करून दाखवली.

"पलंगावर पडून बघितलं मी. पाय गुडघ्यापासून बाहेर! एजंट म्हणतो, तो पलंग फक्त दाखवायचा आहे. अरे बाबा, मग मी काय फक्त दाखवायची आहे? आणि म्हणे जितका मजला वर, तितकं भाडं जास्त. भूकंप झाला की आधी खाली कोण पोचणार, ते नाही सांगितलं मेल्याने!"

रोवेना हसली, पण नेहमीसारखी नाही. ती काहीतरी गिळत होती, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

एकतिसाव्या मजल्यावर एक खोली ठरली. खोली, तिच्यातच शेगडी, आणि एक न्हाणी. पुरिंगने कॅलेंडर बघून पौर्णिमेचा शनिवार काढला. मला ओल्या फडक्याने पुसलं, तांदूळ भरले, आणि दोघी मला मध्ये धरून रस्ता ओलांडून गेल्या. कारंज्यापाशी वॉचमनने अडवलं. नाव डेल्फिन, बोलण्यावरून आमच्याच मुलखातला.

"मनांग, समोरून नाही. सामानाची लिफ्ट मागे आहे," तो पुरिंगला म्हणाला. मनांग म्हणजे आमच्याकडे मोठी ताई.

"हे सामान नाही, तांदूळ आहेत. तांदूळ मागच्या दाराने नेतात का रे? कुठल्या गावचा तू?"

डेल्फिन ओशाळला. आमची रीत त्यालाही ठाऊक होती. त्याने इकडेतिकडे बघितलं, माझ्या पोटावर एक हिरवी चिठ्ठी चिकटवली, 'रहिवाशाचे सामान', आणि कागद वाचू लागला. "फ्लॅटमध्ये दोनच माणसांची परवानगी. राहणार कोण, तर रोवेना, आणि शेरिल. बरोबर?"

शेरिल म्हणजे रोवेनाच्या ऑफिसातली मुलगी. निम्मं भाडं ती देणार होती. त्याशिवाय रोवेनाला ती खोली परवडणारच नव्हती. हे मला त्या क्षणी कळलं, आणि पुरिंगलाही त्याच क्षणी. तिने माझी बाजू एकदम खाली टेकवली. मी पडतो की काय असं वाटलं.

डेल्फिनने एक लाल पट्टा पुढे केला. "मनांग, हा गळ्यात घाला. पाहुण्यांना सहापर्यंत थांबता येतं."

रोवेना खाली मान घालून उभी होती. पुरिंगने पट्टा गळ्यात घातला. मला तिथे ओरडावंसं वाटलं, मित्रांनो! मी, मातीचा गोळा, रहिवासी. आणि मला एकोणतीस वर्षं पोटच्या पोरासारखं पुसणारी बाई पाहुणी. हा कुठला न्याय?

वर गेल्यावर नेहमीप्रमाणे पहिला मी आत गेलो. भिंतीवर एकही भोक नाही. कोणी राहिलेलंच नव्हतं, त्यामुळे मला विचारायला एकही प्रश्न सापडला नाही. पुरिंगने कोपऱ्यात मीठ ठेवलं आणि खोली पाहिली. न्हाणीचं दार फ्रिजला अडत होतं. खिडकी चार बोटं उघडत होती. आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मी कान टवकारले. पण ती म्हणाली, "छान आहे."

शेगडीकडे बघून म्हणाली, "छान आहे हो. सगळं कसं छान आहे."

"नानांग, मी सांगणारच होते तुला," रोवेना आईला म्हणाली आणि रडवेली झाली. "रोज सांगायचं ठरवायचे, आणि..."

"अगं, मलाच विगानला जायचंय. बहीण एकटी आहे. आणि इतक्या वर मला गरगरतं." तिने माझ्या झाकणावरून हात फिरवला. सहा वाजायला अजून अर्धा तास होता, पण ती निघाली. कोणी 'वेळ झाली' म्हणण्याची तिने वाट पाहिली नाही.

त्यानंतरचं वर्ष सांगताना मला लाज वाटते. पुरिंग गावाहून बसने तांदळाची पिशवी धाडायची. दोघी पोरी ऑफिसातच जेवायच्या. शेरिल स्वभावाने गुणी, पण माझ्या झाकणावर तिने पावडर-लिपस्टिकचा डबा मांडला. माझ्या तांदळाला पोरकिडे लागले. जन्मात पहिल्यांदा! खिडकीतून मला आता आमची जुनी चाळ दिसायची नाही, तिथला खड्डा दिसायचा.

रविवारी फोन यायचा. "नानांग, खोकला झालाय." "असू दे, बरी होशील." "नानांग, केस कापले मी, एकदम आखूड." "छान दिसत असतील." फोन ठेवल्यावर एकदा रोवेना शेरिलला म्हणाली, "पूर्वी ती मला केसांवरून अर्धा तास झोडपायची. आता भांडतसुद्धा नाही गं माझ्याशी. परक्याशी बोलावं तशी बोलते." आणि ती माझ्याशेजारी फरशीवर बसून हुंदके देऊन रडली. तेव्हा त्या 'छान आहे'चा अर्थ माझ्या डोक्यात शिरला. पाहुण्याने खोड काढायची नसते. पुरिंग रीत पाळत होती.

वर्ष संपलं तशी एजंटाने भाडेवाढ सांगितली. रोवेनाने खिडकीतून बोट दाखवलं. "खड्ड्यापलीकडच्या त्या टॉवरमध्येही निम्मे दिवे लागत नाहीत. जागा रिकाम्या आहेत, तरी भाडं वाढतं कसं?"

"मॅडम, मार्केट तसं आहे," तो म्हणाला. इतकी वर्षं हा प्रश्न मलाही पडलाय, मित्रांनो, आणि इतकी वर्षं उत्तर हेच. शेरिलला बहिणीकडे जागा होती. रोवेनाने किल्ल्या परत केल्या.

तिने लांब, शहराच्या टोकाला मारिकिनात दोन खोल्या घेतल्या, खाली चप्पल दुरुस्तीचं दुकान, वर आम्ही. ऑफिसला जायला दोन तास, यायला दोन. पहाटे उठावं लागतं, आणि ती उठते. माझे किडे तिने उन्हात बसून एकेक निवडले. मग आईला फोन केला. "तुझी खोली तयार आहे, नानांग. ये."

मग पुरिंग म्हणाली, "बघू. येईन दोन दिवस."

दोन दिवस! रोवेनाचा चेहरा उतरला. शनिवारी पुरिंग आली ती खरंच एक छोटी पिशवी घेऊन. पाहुणे आणतात तेवढीच. पायऱ्या चढून वर आली, दारात चप्पल काढली, खिडकीबाहेर बघितलं, आणि ती म्हणाली, "छान आहे."

रोवेना पुढे झाली. तिने आईच्या हातात किल्ली दिली. नुसती किल्ली, दोऱ्यात ओवलेली. पुरिंगने ती उलटीसुलटी करून पाहिली. मग ती मागच्या खोलीत गेली. तिथे तिचाच जुना पलंग होता, तिच्या पायांच्या मापाचा. ती स्वयंपाकाच्या ओट्यापाशी आली. नळ सोडला. पाणी मोरीत तुंबून राहिलं.

आम्ही दोघांनी श्वास रोखला.

"हे काय गं?" पुरिंग म्हणाली. "मोरीला उतारच नाही! घर बघायला गेलीस की नाचायला? नळ सोडून बघायचा असतो आधी. आणि हा रांजण कुठे ठेवलायस, भिंतीला ओल आहे तिथे? आणि देवा, केसांचं काय केलंस हे! कोणी कापले, खालच्या चांभाराने?"

रोवेना हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "अजून बोल, नानांग. अजून काय वाईट आहे?"

"बोलेन की. दम तर खाऊ दे," असं म्हणत पुरिंगने मला ओलीपासून दूर सरकवलं, आणि बहिणीला फोन लावला, की माझी मोठी ट्रंक बसवर चढव.

म्हणून सांगतो, मित्रांनो, उद्या मोठे होऊन घर बघायला जाल, तेव्हा मजला कितवा आणि भाव काय हे जरूर विचारा, पण त्याआधी आपलं कोण कुठे झोपणार ते ठरवा. आणि तुमच्या घरात सकाळपासून कोणी कुरकुरत असेल, भाजीला नावं ठेवत असेल, तुमच्या केसांवरून बोलत असेल, तर कंटाळू नका. त्या माणसाला हे घर आपलं वाटतंय. आमच्या मोरीला अजून उतार नाही, आणि पुरिंग रोज त्यावरून बोलते.