शिवणबाईंच्या काळजातली जुनी झडप

मी शिवणबाईंच्या काळजातली झडप बोलतेय. जुनी झडप. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण हल्ली या घरात झडप म्हटलं की सगळ्यांना ती नवीच आठवते. कालची आलेली, अजून धड रुळलीसुद्धा नाही, आणि कौतुक बघाल तर पोटात दुखेल.

बाई आईच्या पोटात होत्या तेव्हापासून मी कामाला लागलेली. मला तीन नाजूक पाकळ्या. काळजातून रक्त निघालं की उघडायचं, गेलं की मिटायचं, मागे थेंब फिरू द्यायचा नाही. रजा नाही, सणवार नाही, दुखणंखुपणं नाही. पण नाव कुणाचं व्हायचं? काळजाचं! 'काळीज मोठं हो बाईंचं,' 'काळजाला लागलं गं माझ्या,' 'लेक म्हणजे काळजाचा तुकडा.' झडपेचा तुकडा कुणी म्हणतं का? तेव्हापासूनच मी जळते. खोटं कशाला बोलू?

बाईंचं शिवणाचं दुकान रस्त्यालगत आणि घर वरच्या मजल्यावर. खिडकीशी मशीन, मध्ये कापड बेतायचं लांब टेबल, कोपऱ्यात इस्त्री. गिऱ्हाईक दारातून आत येतानाच बाई माप ओळखायच्या. "ताई, कंबर सुटली हं! जावई आणल्यापासून फार आनंदात दिसताय," असं म्हणून स्वतःच खदखदून हसायच्या. त्या हसल्या की मी जोरात उघडायची. ते दिवस माझे होते.

वय झालं तशी माझ्या पाकळ्यांवर चुन्यासारखी पुटं चढली. पाकळ्या ताठ झाल्या, वाट अरुंद झाली. काळीज मागून ढकलून ढकलून दमायचं आणि मी आपली जेमतेम किलकिली व्हायची. बाईंना जिना चढताना धाप लागायला लागली, छाती आवळल्यासारखी वाटायला लागली.

दुसरं कुणी डॉक्टरकडे गेलं असतं. शिवणबाईंनी कात्री घेतली. "मेले कपडेच तंग झालेत," म्हणाल्या आणि काखेतली शिवण उसवून झगा सैल केला. आवळणं थांबेना, म्हणून दुसरा केला, तिसरा केला. कपाटातला एकेक कपडा उसवून झाला. कपडे अंगावर खोळीसारखे लोंबायला लागले तरी बाईंचं आपलं एकच, अजून थोडं सोडायला हवं.

शेवटी नवरा वैतागला. "अगं, या झग्यात आपण दोघं मावू! आवळतंय तरी कुठे?"

बाईंनी हातातली कात्री टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "अहो, आतून."

डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझा आवाज कान देऊन ऐकला. मी अगदी सुखावले. पण पडद्यावर माझं चित्र आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "झडप फारच अरुंद झालीय." बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नाक मुरडलं. "ही होय ती?"

"औषधानं मोकळी होईल ना?" नवऱ्यानं विचारलं.

"औषधानं त्रास थोडा हलका होईल. झडप नाही उघडायची."

"फुगा घालून ताणतात म्हणे," लेक म्हणाली.

"ताणतात, पण या वयात ती लवकरच पुन्हा आवळते. पुढचा उपचार होईपर्यंत वेळ काढायला तो मार्ग. खरा इलाज म्हणजे नवी झडप."

मग त्यांनी समजावलं. एक तर छाती उघडायची, मला कापून काढायचं आणि माझ्या जागी नवी शिवायची. धातूची बसवली तर पुष्कळ टिकते, पण रक्त पातळ करायच्या गोळ्या जन्मभर. जनावराच्या ऊतींची बसवली तर त्या गोळ्या जन्मभर लागतीलच असं नाही, पण काही वर्षांनी ती झिजते. दुसरी वाट मांडीच्या शिरेतून. घडी केलेली झडप नळीनं वर न्यायची आणि जागेवर उघडायची.

बोलता बोलता त्यांनी खणातून नमुन्याची एक झडप काढून बाईंच्या तळहातावर ठेवली. बाईंनी चष्मा लावला, तिला उजेडात धरलं, उलटीसुलटी केली.

"अगंबाई! हे टाके हातचे आहेत?"

"हो, हातानंच शिवतात."

"काय सफाई आहे! जीव लावून शिवलंय कुणीतरी." आणि त्यांनी तिच्या काठावरून अंगठा फिरवला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. जन्मभर राबले मी, आणि अंगठा फिरवला कुणावरून, तर त्या सटवीवरून! लोकांच्या घरात सवती असतात म्हणून ऐकलं होतं, माझ्या नशिबी ती खणातून निघाली.

घरी आल्यावर मात्र बाई अडून बसल्या. "मला काही नको. आहे त्यात भागवते." नवरा रुसला, लेक रडली आणि मी आत नाचायची बाकी होते. बाई माझ्या बाजूच्या, असंच मला वाटलं.

मग एका सकाळी टेबलावर कापड बेतताना त्या खाली पडलेला खडू उचलून झटकन उभ्या राहिल्या आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. काळीज जीव तोडून ढकलत होतं. मला उघडायचं होतं हो, अगदी मनापासून उघडायचं होतं. पण अंगच वळेना. बाई कोसळल्या.

शुद्धीवर आल्या आल्या विचारतात काय, "गिऱ्हाइकाचं कापड खराब नाही ना झालं?"

"कापड गेलं खड्ड्यात!" नवरा ओरडला आणि त्यांचा हात धरून ओक्साबोक्शी रडायला लागला. बाईंनी त्याचे डोळे पुसले. म्हणाल्या, "बरं, रडू नका. करून टाकू."

बाईंचं वय, अशक्त मूत्रपिंडं, आतली सगळी मापं पाहून डॉक्टरांनी मांडीची वाट ठरवली. तेव्हा बाईंनी विचारलं, "आणि माझ्या जुनीचं काय करणार?"

माझी जुनी! मी विरघळून गेले.

"ती तिथंच राहते. नवी तिच्या आत उघडते आणि जुनी भिंतीला दाबली जाते."

आणि तसंच झालं. ती घडी घालून आली, उघडली आणि मला कडेला ढकलून बसली. रक्त असं धो धो निघालं की ज्याचं नाव ते. बाईंच्या गालांवर रंग आला, कपाटातले झगे त्यांनी पुन्हा मापात आणले. आता जिना चढून गेल्या की छातीवर हात ठेवून म्हणतात, "शाबास गं नवीन!"

तपासणीला गेलो तेव्हा नवऱ्यानं भीत भीत विचारलं, "टाके नाहीत, काही नाही. ती आत निसटून तर नाही ना जायची?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "छे हो. जुनी झडप कडक झालीय ना, तिच्यातच ती घट्ट बसलीय. जुनीनंच धरून ठेवलंय तिला."

घरी येऊन हे कुणी पुन्हा बोललं नाही. मी मात्र ऐकलं ते ऐकलं. मनात आणलं तरी मला सुटता यायचं नाही, आणि आता सुटावंसं वाटतही नाही. बाई खदखदून हसतात, ती दिमाखात उघडते, शाबासकी तिला मिळते. मी भिंतीला पाठ लावून जळते, आणि तिला धरून ठेवते.