रिकामी गिरणी

दगडावरचा पट्टा गोरक्षने केव्हाच उतरवून ठेवला होता, तरी इंजिन चालूच होतं. धुरांड्याच्या तोंडावरचा पत्र्याचा डबा ‘कुक कुक’ करत साऱ्या सोनईला गिरणी सुरू असल्याचं सांगत होता. सांगून उपयोग काय? बहात्तरच्या दुष्काळाचं साल, दळायला घरात दाणे तर हवेत! सकाळपासून शेजारची राहीबाई तेवढी रेशनची तांबडी मिलो ज्वारी घेऊन आली होती. तिचं दळून झाल्याला अर्धा तास झाला, तरी म्हातारी पायरीवरून हलेना.

“मावशे, झालं की तुमचं!” गोरक्ष ओरडला.

“इंजिन बंद कर. बोलायचंय.”

“बोला की! येतंय ऐकू!”

“वरडून सांगायची गोष्ट न्हाई ती.”

गोरक्षच्या हातातलं फडकं थांबलं. इंजिन बंद करायचं म्हटलं की तो टाळाटाळ करी. कारण ते थांबलं की कानात ती शिट्टी सुरू व्हायची. बारीक, एकसुरी, दम न घेणारी. वीस वर्षं गिरणीत काढल्यावर कानांनी एवढी तक्रार करायचीच. आवाज तसा आधीही होता, पण बनुबाई असताना त्याला विचारतो कोण? तिची बडबडच त्याला पुरून उरायची. श्रावणात बायको गेली आणि शिट्टीला घर मोकळं मिळालं.

नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, “हा आवाज जायचा नाही. पण घाबरू नका, काळजीनं तो वाढतो. माणसांत राहा.” गोरक्षने पहिलंच वाक्य पदरात घेतलं आणि बाकीची तिथंच टाकून आला. थोरल्या भावाला सांगावं, तर तो वेडा ठरवून येरवड्याला नेऊन घालेल, ही धास्ती. चार दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. काल तो कोरड्या विहिरीच्या काठावर बराच वेळ उभा राहिला होता, आणि मग स्वतःलाच भिऊन मागे फिरला होता.

“दाना न्हाई, पानी न्हाई, आन् कशापायी जाळतुयास डिझेल?”

“तुमाला काय करायचंय?” तो खेकसला, आणि लगेच वरमला. बनुबाईला शेवटची आंघोळ घालणारी हीच होती.

राहीबाई रागावली नाही. तिने पिठाचा डबा मात्र उचलला नाही. तिच्या हट्टापुढे कोणाचं काही चाललं नव्हतं. शेवटी गोरक्षने डिझेल तोडलं. चाकाने चार फेऱ्या जास्तीच्या घेतल्या, धुरांड्यावरचा डबा दोनदा खोकला आणि गिरणी गप्प झाली.

शिट्टी आलीच. गोरक्षने डोळे गच्च मिटले.

“आली?” राहीबाईने हळूच विचारलं.

“काय?”

“कानातली. माजी बी आली.”

गोरक्षने डोळे उघडले.

“हिवतापात कोयनेलच्या कडू गोळ्या खाल्ल्या, तवापास्नं हाय. मालक गेलं तवा लई वराडली. वाटलं, मी खुळी झाले. म्हनून जातं वढत बसायचे, दाना नसताना. रिकामं जातं फिरवू न्हाई म्हंत्यात, पर फिरवलं. तुजं रिकामं इंजिन आयकलं आन् वळकलं.”

“मंग थांबली कशी?”

“थांबलीय कुटं? बनूला सांगितलं एक डाव. ती म्हनली, रोज दुपारची येत जा माज्याकडं बसायला. गेले. ती बोलायची, मी आयकायचे. हळूहळू शिट्टी बसली गप कोपऱ्यात.”

ती दुपारची बैठक गोरक्षने कित्येक वर्षं पाहिली होती. बायकांना दुसरा धंदा नाही, असं म्हणून हसलाही होता.

“बनूनं मला कदी सांगितलं न्हाई.”

“मी आन घातली हुती.”

तो येऊन पायरीवर टेकला. आवाज होताच, जरासुद्धा कमी झाला नव्हता. पण त्याला आता पळावंसं वाटेना. राहीबाई मिलोच्या भाकरी कशा तुटतात ते सांगू लागली, आणि तो ऐकू लागला.

समोरच्या सायकलच्या दुकानातून नूरमहंमदने हाक घातली, “गोरक्षा, इंजिन बंद पडलं काय रं?”

“पडलं न्हाई, बंद केलंय,” गोरक्ष म्हणाला, आणि राहीबाईला ऐसपैस बसता यावं म्हणून थोडा सरकून बसला.