पाठमोरी खुर्ची

“दिसलं तेवढं लिहायचं, पोरी. त्याचा अर्थ आपण ठरवायचा नाही. ज्यानं केलं, त्याच्याकडून समजून घ्यायचा.”

कॉलेजातल्या सरांना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी थोरलीच्या कानातून हे वाक्य गेलं नव्हतं. ती आता स्वतः विद्यापीठात माणसांच्या वागण्याचा अभ्यास शिकवायची आणि नव्या मुलांना पहिल्या तासाला सरांचंच उदाहरण द्यायची. रस्त्यात एक माणूस हात वर करतो. तो कुणाला हाक मारतोय, की डोळ्यांवरचं ऊन अडवतोय? हात तोच, उंची तीच. मोजपट्टी लावून काही हाती लागायचं नाही. मुलं माना डोलवायची आणि थोरलीला बरं वाटायचं.

त्या वर्षी आईला अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू वळणावर आले, पण चेहरा एकीकडे ओढलेलाच राहिला. सुट्टी लागताच थोरली माहेरी धावली आणि पहिल्याच दुपारी दारात थबकली. आई टेबलाशी जेवायला बसली होती. बाबांनी आपली खुर्ची उचलली, खिडकीकडे तोंड करून ठेवली आणि आईकडे पाठ करून वर्तमानपत्र उघडलं. तिचं जेवण आटपेपर्यंत त्यांनी मान म्हणून वळवली नाही. मध्येच आईला ठसका लागला, तेव्हा पाण्याचा ग्लास त्यांनी मागच्या मागे सरकवला. मांजरापुढे बशी ठेवावी, तसा.

रात्री, सकाळी, पुन्हा तेच. तिनं बाबांना विचारलं, तर “जेवू दे तिला” एवढंच म्हणाले. आईला विचारलं ते बाबांच्या समोरच. तिनं मान खाली घातली. मग थोरलीनं तिच्या विद्येत करतात तेच केलं. एकट्याच्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, आणखी बघणारे आणायचे, आणि त्यांना आधी काही सांगायचं नाही. तिनं धाकट्या भावाला एका दिवशी जेवायला बोलावलं, मावशीला दुसऱ्या दिवशी.

धाकटा हात धुतानाच पुटपुटला, की म्हातारा पक्का कोडगा निघाला. मावशीनं पदरानं डोळे टिपले. जन्मभर जिच्या हातचं चवीनं खाल्लं, तिचं तोंड आता नकोसं झालं या बाप्याला, म्हणाली. तिघांना एकच दिसलं, तिघांनी एकच म्हटलं. थोरलीच्या विभागात एवढ्यावर गोष्ट सिद्ध धरत.

पुढच्या वेळी धाकटा आणि मावशी दोघंही घरात असताना तिनं सगळ्यांदेखत बाबांना सुनावलं.

“तुम्हाला आईची किळस येते. मी नेते तिला.”

बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं डोळे मिटून घेतले. मग बाबा उठले, आईची बॅग स्वतः खाली नेऊन गाडीत ठेवली आणि खिडकीशी वाकून म्हणाले, “चमचा लहान दे तिला.” थोरलीनं काच वर केली.

आपल्या घरी तिनं आईचं सगळं प्रेमानं केलं. जेवताना तिच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसायची, घास भरवायची, हनुवटीवरून ओघळलेलं मऊ रुमालानं टिपायची, गोष्टी सांगायची. आई दिवसेंदिवस कमी खायला लागली. मग ओठच उघडेना. थोरलीकडे याचंही उत्तर तयार होतं: त्या घरात सोसलेलं आता बाहेर पडतंय. डॉक्टरांनी मात्र आईच्या दंडाची कातडी चिमटीत धरून बघितली आणि स्पष्ट सांगितलं, की सोमवारपर्यंत असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल.

रविवारी सकाळी थोरलीनं सूप आणलं. पहिला चमचा ओघळला. तिनं पुसलं. दुसराही ओघळला. तिनं पुन्हा रुमाल पुढे केला, तसा आईनं हात असा झटकला की रुमाल पार कोपऱ्यात जाऊन पडला आणि सूप थोरलीच्या मांडीवर सांडलं.

थोरलीला रडू फुटलं. “काय चुकलं गं माझं? बाबांसारखी कधी पाठ तरी फिरवली का तुझ्याकडे?”

आई तिच्याकडे बघत राहिली. वाकड्या तोंडातून एकेक शब्द ओढत म्हणाली, “फिरव ना मग.”

“काय?”

“पाठ फिरव. वाटी इकडे दे.”

थोरली भिंतीकडे तोंड करून बसली. मागे चमचा वाटीला लागला. घोट ओढल्याचा आवाज आला, मग थेंब पडल्याचा, मग श्वास. पुन्हा चमचा. शेवटी वाटीचा तळ खरवडला गेला. सगळे दिवस थोरलीनं डोळे फाडून पाहिलं तेव्हा आईनं घास गिळला नव्हता, आणि आता पाठीमागे वाटी रिकामी झाली होती.

आई तिच्या पाठीशीच बोलली. दवाखान्यातून आल्यावर जेवताना तिला समोरच्या कपाटाच्या आरशात स्वतःचं तोंड दिसलं होतं. त्यानंतर कुणापुढे खायचंच नाही असं तिनं ठरवलं. एकटीला सोडणंही शक्य नव्हतं, घास श्वासनळीत गेला तर संपलंच. बाबांनी नाना विनवण्या केल्या. शेवटी तिनं अट घातली: बघायचं नाही, आणि का बघत नाही ते कुणाला सांगायचं नाही. मुलांनाही नाही. बाबांनी तो नेम घेतला.

“कानानं राखतात मला. पेपर वाचत नाहीत ते. पान उलटलेलं पाहिलंस कधी?”

नव्हतं पाहिलं. तिघांपैकी कुणीच नव्हतं पाहिलं.

किळस हा शब्द थोरलीच्याच तोंडचा होता, भरल्या घरात उच्चारलेला. “मग तेव्हा बोलले का नाहीत?”

“विचारलं की मला. माझ्याकडे बघून. सांगू का म्हणून. मी डोळे मिटले.”

थोरली ताडकन उठली. आत्ताच्या आत्ता जाते, म्हणाली, त्यांच्या पायांवर डोकं ठेवते.

“नाही. बस.” आईचा आवाज पहिल्यांदाच पूर्वीसारखा करडा झाला. “माफी मागितलीस की त्यांना कळेल मी बोलले. तुझा तो किळसेचा शब्द त्यांनी माझ्यासाठी गिळला. तो वाया घालवू नकोस. नुसतं घेऊन ये त्यांना.”

“आणि मी बोलले ते तसंच राहू द्यायचं?”

“राहू दे. धाकट्यालाही सांगायचं नाही. जमेल?”

थोरलीनं भिंतीवर हात टेकला. मरेपर्यंत बाबा समजणार, की लेकीला आपण तसेच वाटतो. ती मागे न वळता म्हणाली, “जमेल.”

तिनं शेजारच्या काकूंना आईपाशी बसवलं आणि खाली आली. गाडीचं दार उघडताना धाकट्याचा फोन आला. आईची चौकशी करायला केला होता. बाबांना आणायला निघालेय म्हटल्यावर तो उखडलाच. डोकं फिरलंय का तुझं, म्हणाला, त्या माणसाला परत तिच्यासमोर बसवणार?

“आईला करमत नाही,” थोरली म्हणाली.

तो बाबांबद्दल आणखी बरंच बोलला. तिनं सगळं ऐकून घेतलं, एकही शब्द खोडला नाही. बोलणं संपल्यावर तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि गाडी सुरू केली.