हळदीखालचा रंग

नजमुन्निसाचं पहिलं मूल धडधाकट. दुसरं पिवळं पडून बाळंतिणीच्या खोलीतच गेलं. त्यामुळे तिसऱ्या वेळी मुलगा की मुलगी हे तिनं विचारलंच नाही. "भाभी, रंग कसा हाय?" एवढंच म्हणाली. मी तिची थोरली जाऊ. "गुलाबी हाय," म्हटलं, आणि तेव्हा तो होताही.

मग सुईण झुंबरबाईंचं राज्य सुरू झालं. बाळाला हळद-बेसन चोळायचं, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, खिडकीला गोधडी. जुन्नरात आमच्याकडे काय, शेजारी हिंदूंकडे काय, रीत एकच. दुसऱ्या दिवशी नजमुन म्हणाली, पोरगं पिवळं दिसतंय.

"हळद लावल्यावर काय निळं दिसंल व्हय?" झुंबरबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या. मला त्या हसण्याचा असा राग आला की बाळ उचललं आणि थेट अंगणात उन्हात नेलं. कोमट पाण्यानं धुतलं. फडक्याला हळद लागायची थांबली, तरी अंग पिवळंच. पापणी वर केली. डोळ्याचं पांढरंही पिवळं.

माझा दीर, नजमुनचा नवरा जलाल, डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी आधी शेगडी बाहेर काढायला लावली.

"बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो," ते म्हणाले. "आणि याच्या रक्तातल्या पेशी फुटतायत, त्यानंच हा पिवळा पडलाय. रक्त फुटलं की तोच वायू थोडाथोडा अंगातही तयार होतो. तो मोजला तर रक्त किती वेगानं फुटतंय ते कळेल, पण तशी सोय इथं नाही. पुण्याला न्या. रक्त बदलावं लागेल."

"पर फुटतंय कशानं?" नजमुननं विचारलं.

"आईच्या रक्ताचं बाळाच्या रक्ताशी जमत नाही. पोटात असतानाच तुमच्या रक्तातून—"

पुढचं तिनं ऐकलंच नाही. एसटीत बसल्यावर तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि खिडकीला चिकटून बसली. नारायणगाव गेलं तरी हात लावीना.

"पाज गं त्याला."

"नगं भाभी. माझ्याच रगतानं मरतंय ते. मागलं बी मीच मारलं."

"दुधाचा काय दोष? डागदर 'पाजू नका' म्हणाले का?"

मी चिडले, रडले, शेवटी तिचा पदर मीच बाजूला केला आणि बाळाचं तोंड तिच्या छातीशी धरलं. तिनं डोळे गच्च मिटले. मग हळूच उघडून माझ्याकडे पाहिलं.

"भाभी," ती म्हणाली, "ह्यो तोंडच उघडंना."