चौदा सेकंद

सिग्नलच्या वेळा बसवणं हे माझं काम. आमच्या घरासमोरच्या चौकात पायी चालणाऱ्यांना चौदा सेकंद मीच दिलेत, स्वतः चालून मोजून. रेंगाळणारी माणसं माझ्या डोक्यात जातात.

आणि पोटची पोर निघाली ती हळू चालणारी! कला म्हणे. पाऊल उचलायचं, श्वास घ्यायचा, मग टेकवायचं. वीस जणांना घेऊन रविवारी सकाळी आमचाच चौक ओलांडायचा घाट तिनं घातला. दुसरा चौक घे म्हटलं, तर ऐकेना. रीतसर परवानगी काढली, आणि गाड्या थांबवायला ऑफिसनं नेमकं मलाच पाठवलं. घ्या, हेच राहिलं होतं.

त्यात घरी बाबांचा घोर. दोन वर्षं ते घराबाहेर पडले नव्हते. चौकापलीकडच्या शिंप्याकडे रोज बुद्धिबळ खेळणारा माणूस खिडकीत बसून असायचा. विचारलं की म्हणायचे, आता त्याच्याशी पटत नाही. मी समेट करायला गेले, तर शिंपी म्हणाला, भांडण कसलं, मी रोज पट मांडून बसतो. मग मी बाबांवरच चिडले. हट्टी म्हातारा, दुसरं काय!

रविवारी मी सिग्नलच्या पेटीतली चावी फिरवून गाड्यांचा लाल दिवा धरून ठेवला. मंडळी निघाली. हॉर्न सुरू झाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात रांगेच्या शेवटी बाबा दिसले, इस्त्रीच्या शर्टात, पाय घासत. एकेकाला मागे टाकत ते पुढे चालले होते. सवयीनं मी घड्याळ पाहिलं. चौदा सेकंदांत ते जेमतेम झेब्रा क्रॉसिंगच्या चौथ्या पट्ट्यावर होते. पलीकडे पोचले बावन्नाव्या सेकंदाला.

घरात मी कायम त्यांच्या चार पावलं पुढे असायचे; त्यांची चाल कधी पाहिलीच नव्हती. लेकीनं याच चौकाचा हट्ट का धरला, ते आत्ता कळलं.

मी धावत गेले. "बाबा, मला सांगितलं का नाही?"

"सिग्नल तुझा," ते म्हणाले. "तुझी तक्रार तुझ्याकडेच कुठल्या तोंडानं करू?" मग शिंप्याच्या दारात थबकून त्यांनी हळूच विचारलं, "परत येताना दिवा धरशील का गं?"

मी पेटीकडे परतले. चौदा काढून साठ टाकले. परवानगी उद्या काढेन. आणि तिथेच, हॉर्नच्या गोंगाटात, मला रडू फुटलं.