मंडपातली शून्य सावली

सावली काही कुणाची वाट पाहत नाही, एवढी साधी गोष्ट ममतानं प्राचार्य गावंडे सरांना पुन्हा पुन्हा सांगून पाहिली. दर वेळी त्यांचं एकच उत्तर, की पाहुणे आल्याशिवाय कार्यक्रम सुरू कसा करायचा?

ममता आडे कळंबच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर प्राध्यापक, नाही घेतला तर कुणीच नाही. अशा माणसानं प्राचार्यांशी वाद घालायचा नसतो. विद्यापीठाचं परिपत्रक आलं की कायम नोकरीवाल्यांना एकदम घरची लग्नं आठवायची आणि काम अलगद हिच्या गळ्यात पडायचं. विज्ञान दिन हिच्याकडे, ओझोन दिन हिच्याकडे. आणि वर फोटोत उभं राहायला मात्र सगळे हजर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा.

यंदाच्या परिपत्रकात होता शून्य सावली दिवस. मे महिना संपत आला की एक दिवस असा येतो, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखालीच जाते. क्षणभर ती दिसेनाशीच होते. हा चमत्कार नव्हे, साधा हिशेब आहे, हे आसपासच्या शाळकरी पोरांना बोलावून दाखवा, असं विद्यापीठाचं म्हणणं होतं. हे काम मात्र ममतानं आनंदानं घेतलं. तिला त्यात रंजिता दिसत होती.

रंजिता म्हणजे तिच्या बंजारा तांड्यावरची, जमनीकाकीची नात. गेल्या वर्षी ह्याच दिवसांत रंजिताचा बाप शाम ऊन लागून गेला. शेतात उभ्याउभ्या कोसळला. त्याला उचलून आणणाऱ्यांपैकी कुणीतरी बोलून गेलं की पडायच्या आधी त्याची सावलीच दिसत नव्हती. झालं. सावलीनं आधी साथ सोडली, मग माणूस गेला, असं जमनीकाकीनं मनाशी पक्कं केलं आणि त्या दिवसापासून नातीला भर दुपारी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. शाळा दुपारची, वाट उघडी. तेव्हा शाळा सुटली. पोरगी वर्गात पहिली यायची. पण तीसुद्धा आता दुपार झाली की खाटेवर पाय वर घेऊन बसायची.

बोलणाऱ्यानं खोटं सांगितलं नव्हतं, हीच तर खरी अडचण होती. त्या आठवड्यात भर दुपारी शामची सावली दिसली नसणारच. कुणाचीच दिसत नाही. ममतानं काकीला हे मराठीत सांगितलं, गोरबोलीत सांगितलं, विनवून सांगितलं, चिडून सांगितलं. शेवटी काकीच थकली आणि म्हणाली, "साऱ्यायची सावली जाते अन् सारे जिते राह्यतात, हे पोरीनं सोताच्या डोयानं पाह्यलं तं जाऊ दे तिले शाळेत. नाही पाह्यलं तं पुन्हा माह्या दारात हा विषय काढू नको."

म्हणून ममताला ते काही क्षण हवे होते. बाकीचं सगळं गावंडे सरांनी खुशाल घ्यावं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ती तांड्यावरच्या पोरांना काळीपिवळी जीपमध्ये कोंबून कॉलेजात घेऊन आली आणि फाटकातच थबकली. मैदान कुठे दिसेना. बाबुलाल मंडपवाल्यानं ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत कापड ताणलं होतं. बाजूंनी कनाती, आत कूलर, पुढे स्टेज. बाबुलाल घाम पुसत अभिमानानं सांगायला आला की, मॅडम, कवडसासुद्धा आत येणार नाही असं पक्कं काम केलं आहे.

सावली नाहीशी होताना दाखवायची आणि त्यासाठी मंडप घालायचा! ममताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच प्राचार्यांच्या खोलीत शिरली. गावंडे सर स्वागताचं भाषण वाचत बसले होते. विद्यापीठाच्या विस्तार विभागाचे संचालक स्वतः येत आहेत, त्यांना ह्या उन्हात बसवायचं का, असं त्यांनी विचारलं. मग स्वतःच्याच विनोदावर खूश होत म्हणाले, "मॅडम, सावलीचाच कार्यक्रम आहे ना? मग सावली नको?"

बरंच बोलणं झाल्यावर त्यांनी एवढं कबूल केलं, की मंडपामागच्या व्हॉलीबॉलच्या मैदानावर मॅडमनी काय त्या बाटल्या मांडायच्या त्या मांडाव्यात. बारा वाजले की पोरांना तिकडे सोडू. ममतानं बाटल्या मांडल्या, एक पाइप ओळंबा लावून अगदी सरळ उभा केला, खडूनं गोल आखले. परत येऊन पाहते तर रंजिता जागेवर नाही. गावंडे सरांनी तांड्यावरच्या पोरी मुद्दाम फेटिया-कांचळीत, म्हणजे बंजारा घागरा-चोळीत बोलावल्या होत्या, म्हणे आपली संस्कृती दिसली पाहिजे. त्यातली सगळ्यात उंच म्हणून रंजिताला उचलून हातात पुष्पगुच्छांचं ताट देऊन स्टेजवर उभं केलं होतं.

संचालक कळंबला वेळेत पोचले. पण कळंबला येऊन चिंतामणी गणपतीचं दर्शन न घेता कोण पुढे जातो? ममतानंही सकाळी जीपमधून हात जोडले होते, त्यामुळे ह्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. दर्शनानंतर संस्थेच्या एका सभासदाकडे नाश्ता होता, नाश्त्यानंतर चहा, चहानंतर त्या सभासदाच्या मुलाचं नवं दुकान. त्याबद्दल मात्र तिचं बरंच म्हणणं होतं, पण ऐकणारं कुणी नव्हतं. गाडी फाटकात शिरली तेव्हा बारा वाजायला आले होते.

मग नमनाला घडाभर तेल सुरू झालं. दीपप्रज्वलनाची वात कूलरच्या वाऱ्यानं टिकेना. कूलर बंद केला तर पाहुण्यांना घाम फुटला. पुन्हा कूलर, पुन्हा काडी. शेवटी बाबुलाल दिव्यापुढे पुठ्ठा धरून उभा राहिला तेव्हा कुठे ज्योत धरली. मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. एकेका गुच्छासाठी रंजिता ताट घेऊन पुढे यायची, मागे जायची. आभाळ मात्र त्या दिवशी लख्ख होतं. ढगाचा एक पुंजका नव्हता.

ममता मधूनमधून कनातीबाहेर जाऊन बघत होती. बाटलीची सावली बोटभर उरली होती, मग पेरभर. तिनं आत येऊन गावंडे सरांना खूण केली. त्यांनी पाहिलंच नाही, किंवा पाहिलं आणि माइककडे तोंड फिरवलं. संचालक बोलायला उभे राहिले. विषय होता, वैज्ञानिक दृष्टिकोन आणि अंधश्रद्धा.

तेव्हा ममता उठली. तासिका तत्त्व गेलं खड्ड्यात, असं मनाशी म्हणत तिनं पुढच्या ओळीतल्या पोरांना हात केला. पोरं अर्धवट उठलीही. तेवढ्यात गावंडे सरांनी पाहुण्यांची माफी मागून माइक ओढून घेतला आणि सगळ्यांना बजावलं की भाषण सुरू असताना कुणीही जागा सोडू नये. पोरं मटकन बसली. ममता स्टेजच्या कडेला गेली आणि रंजिताचा हात धरून हळूच ओढू लागली. रंजितानं ताटाकडे पाहिलं, बोलणाऱ्या साहेबांकडे पाहिलं, आणि ती जागची हलली नाही. इतक्या मोठ्या माणसांपुढून निघून जायचं असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

ममता एकटीच बाहेर गेली. बाटल्या उन्हात उभ्या होत्या आणि एकीलाही सावली नव्हती. ती स्वतः उभी होती आणि तिलाही नव्हती. वर्गात कितीदा तरी तिनं हे फळ्यावर काढून दाखवलं होतं, ते आज समोर होतं. इतकं देखणं, आणि बघायला एक पोर नाही. तिला संतापानं रडू आलं. आतून स्पीकरवर आवाज येत होता, की भीती घालवायची असेल तर प्रत्यक्ष बघायला शिका.

भाषण संपलं तेव्हा सावल्या पुन्हा बाहेर आल्या होत्या. संचालकांनी कनातीच्या फटीतून उन्हाकडे पाहिलं, कपाळ पुसलं आणि विचारलं की फोटो इथेच घेतला तर चालणार नाही का? गावंडे सरांनी बाटली मागवून टेबलावर ठेवली. मंडपात कसली सावली पडणार! "बघा, शून्य," सर म्हणाले. टाळ्या झाल्या. फोटो विद्यापीठाला तिथूनच गेला.

पाहुणे जेवायला गेल्यावर ममतानं पोरांना व्हॉलीबॉलच्या मैदानावर नेलं. वरातीमागून घोडं, पण न्यावंसं वाटलं. रंजितानं आधी एक पाय उन्हात टाकला, मग दुसरा. खाली तिची आखूड, काळी सावली होती. "आहे ना," ती म्हणाली आणि तिनं श्वास सोडला. पोरीला हायसं वाटलं होतं. ममताला तिच्याकडे बघवेना.

तांड्यावर पोचेपर्यंत दिवस कलला होता. लहान पोरं उतरल्याबरोबर पुढे पळाली होती. जमनीकाकी वाटेवरच उभी होती. तिनं रंजिताला जवळ ओढून तोंडावरून हात फिरवला आणि मग ममताकडे वळली. आता बोलणी खावी लागणार, असं ममताला वाटलं. झालं उलटंच. काकीचे डोळे भरून आले होते.

"लहान पोट्ट्यायनं सांगतलं मले," काकी म्हणाली, "साऱ्या मैदानावर मंडप टाकला म्हणून. लय बरं केलं, बाई. मी उगाच तुह्यावर चिडलती."

ममतानं घाईघाईनं समजावलं, की मंडप त्यासाठी नव्हता, पाहुण्यांना ऊन लागू नये म्हणून होता. काकी म्हणाली, तेच तं. ममता म्हणाली, उद्याही सावली जवळजवळ तशीच जाते, उद्या दुपारी तुझ्याच अंगणात दाखवते, आधी मी उभी राहते, मग रंजिता. काकीनं नातीचा खांदा घट्ट धरला.

"येवढे शिकलेले साहेब. त्याइले सावलीचं सारं मालूम. ते एक पाऊल मंडपाबाहेर नाही आले. अन् तू माह्या नातीले उन्हात उभी करतं?"

साहेबांना भीती नव्हती, साहेबांना फक्त ऊन नको होतं आणि बाकी कशाचं काही पडलेलं नव्हतं. हे पोरगा गमावलेल्या बाईला कसं सांगायचं? सांगितलं असतं तर काकीनं ते मानलंही नसतं. शिकलेली माणसं इतकी वाईट असतात यावर तिचा विश्वास नव्हता.

तरी ममतानं धीर करून रंजितालाच विचारलं, की शाळेचं काय, बाई? शाळा उघडायला आता किती दिवस राहिले?

रंजितानं आजीकडे पाहिलं, मग ममताकडे. शाळेत जायचं होतं तिला, ते तोंडावर दिसत होतं.

"पण ताई," ती म्हणाली, "शाळेच्या वाटेवर तं मंडप नाही."