कवडीची धाप

टक्. टक्. टक्.

भर दुपारी, सगळे घर भातकापणीला गेलेले असताना, ओटीवरच्या शांततेत एवढाच आवाज येत होता. कवडी कोंबडी माझ्या आतल्या अंगाला चोच मारत होती. मित्रांनो, मला वाटले, बिचारी कंटाळली असेल. मी मुकाट बसून राहिले. त्या मुकाट बसण्याची मला अजून लाज वाटते.

मी एक जुनी टोपली आहे, मिठागरातली. रोह्याच्या एका बुरुडाने मला विणले आणि वडखळच्या बाजारात धोंडुबाईने मला उलटीसुलटी करून पाहिले. "हिचा काठ मजबूत हाय," ती म्हणाली. तेवढ्या कौतुकावर मी कितीतरी वर्षे काढली. पेणच्या खाडीकाठी तिच्या डोक्यावर बसून मी मीठ वाहिले. ते माझ्या कामट्यांत इतके मुरले, की ऊन पडले की माझ्या अंगावर पांढरी फुले उमटत. मला ती दागिन्यांसारखी वाटायची.

डोक्यावर बसणाऱ्याला खालचा श्वास सगळ्यांच्या आधी ऐकू येतो. शेवटच्या दोन हंगामांत धोंडुबाई वाटेत थांबू लागली. आधी बांधाच्या टोकाशी एकदा, मग चार पावलांवर. मान पुढे, तोंड उघडे. घरी सगळे म्हणत, वय झाले. सून सरू म्हणायची, "आई, जरा दमानं घ्या," आणि तशीच चुलीकडे वळायची, कारण चुलीवर भात असायचा.

गेल्या वैशाखात धोंडुबाई गेली. जाण्याआधी तिने नातीसाठी, जनीसाठी, पदरात गुंडाळून एक ठिपक्यांचे पिलू आणले होते. तीच ही कवडी. मला मात्र खुंटीला अडकवून ठेवले. सबंध पावसाळा मी भिंतीवर घाम गाळत होते. कुणी माझ्याकडे पाहिले नाही.

मग कापणी आली. शेजारच्या इंदुबाईने अंगणात भात वाळत घातले आणि कवडीने त्यात रोज पाय घातला.

"सरू, तुझी कोंबडी माझ्यापेक्षा जास्त जेवते गो," इंदुबाई म्हणाली. "बांधून ठेव, नायतर मीच रस्सा करीन."

सरू खजील झाली. तिने मला खुंटीवरून काढले, कवडीवर पालथे घातले, वर दगड ठेवला आणि विळा घेऊन शेतावर गेली. पाण्याची वाटी लवंडते म्हणून ती आत ठेवलीच नाही. असे आठ दिवस चालले.

नवव्या दिवशी संध्याकाळी मला उचलले तेव्हा कवडी नीट उभी राहीना. चोच उघडी, मान ताणलेली, प्रत्येक श्वासाला शेपूट खालीवर. जनीने तिला मांडीवर घेतले.

"सर्दी हाय," इंदुबाई म्हणाली. "लसूण भरव."

लसूण भरवला. दुसऱ्या दिवशी धाप वाढली.

"मग दीष्ट लागली असंल," इंदुबाई म्हणाली. "पोरगी सांज झाली की तिचे लाड करत बसते, दुसरं काय व्हनार?"

सरूने मूठभर मीठ आणि मिरच्या कवडीवरून ओवाळून चुलीत टाकल्या. मीठ तडतडले. मित्रांनो, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले, पण टोपलीला तोंड नसते.

जनी मात्र बघत होती. "आये, ही पाणी बघ किती पिते. सोडली की पयली मडक्याकडंच पळते."

"उन्हाचं पितात गो."

"बाकीच्या नाय पीत एवढं. आनि हिची चोच पांढरी झालीय."

सरू जवळ आली. तिने कवडीच्या चोचीवर बोट फिरवले आणि ते जिभेला लावले. मग माझ्या आतून बोट फिरवले आणि तेही जिभेला लावले. जिथे जिथे फुले होती, तिथे तिथे चोचीच्या खुणा होत्या. 

"दिवसभर मीठ खात होती गो, जने. मी बिनपान्याची कोंडली तिला."

तिने मला अंगणात दूर ढकलले. माझे दागिने मला तिथे नकोसे झाले. सरूने कवडीला चमच्याने पाणी पाजले, थोडे थोडे, दर घटकेला. दोन दिवस ती शेतावर गेली नाही. तळहातावर दाणे घेऊन कवडीपुढे बसायची, तिचा श्वास ऐकायची. चौथ्या दिवशी कवडीची चोच मिटली आणि ती इंदुबाईच्या भाताकडे चालू लागली. इंदुबाईने हाकलले नाही.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. ज्याला बोलता येत नाही, त्याच्या श्वासाकडे लक्ष द्या. आणि जे बोलू शकतात पण बोलत नाहीत, त्यांच्याकडेही. मी दोन्ही श्वास ऐकले होते.

त्या चौथ्या दिवशीच सरू मला घासून घासून धूत होती. जनी कवडीला कुशीत घेऊन शेजारी बसली. ती माझ्या काठाकडे पाहत होती.

"आये," ती म्हणाली, "आजी पन अशीच धापायची. तवा तू शेतावर न जाता घरी का ऱ्हायली नायस?"

सरूने मला पाण्यातून काढले आणि जिथे धोंडुबाईचा हात असायचा, तो माझा काठ पदराने पुसला.